ठकीचं बाळंतपण

महाडला आम्ही ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो, त्या काकूंना मी आयुष्यात एक तरी प्रश्न पुरा विचारला असेल तर शपथ. आपण तोंड उघडायच्या आत त्यांचं उत्तर यायचं. वर कमरेचा अडकित्ता काढून त्या सुपारीचं खांड कातरायच्या. कट्! झाला निकाल, आता अपील नाही. आमचे हे मामलेदार कचेरीत कारकून होते. ते म्हणायचे, "आमच्या साहेबांच्या शिक्क्यालासुद्धा इतकं वजन नाही." ह्यांना गंमत वाटायची. ह्यांचं काय जातंय! दिवसभर त्यांच्या तावडीत मी असायचे.

काकू मूळच्या कुडपणच्या. पोलादपूरच्या वर डोंगराच्या माथ्यावर ते गाव आहे, तिथल्या खात्यापित्या शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन महाडात आल्या, नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. घर आणि थोडी भाताची जमीन तेवढी मागे राहिली. त्यावर त्या ताठ मानेने जगल्या, हे मी कुणाहीपुढे कबूल करीन. पण महाडात केस पिकले तरी त्यांचं वाक्य 'आमच्या कुडपणात'पासूनच सुरू व्हायचं. आमच्या कुडपणात तांदूळ असा धूत नाय. आमच्या कुडपणात पोरीबाळी असं पाय पसरून बसत नाय. एकदा मी वैतागून म्हटलं, "काकू, तुमच्या कुडपणात सूर्य तरी पूर्वेलाच उगवतो ना?" तर त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "उगवतो, पर लवकर."

दुसऱ्याच्या भांड्यावरचं झाकण उचलून बघितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. यायच्या, झाकण उचलायच्या, वास घ्यायच्या, चिमूटभर मीठ टाकायच्या आणि निघून जायच्या. मी आपली पळी हातात धरून उभी. मी मराठी सातवी पास होते, त्याचा मला तेव्हा मोठा अभिमान होता. काकूंना ते एक व्यंगच वाटायचं. "सात बुकं शिकलीस गो," त्या म्हणायच्या, "आणि आमटीला मीठ नाय."

त्यांचा खरा रुबाब मात्र बाळंतपणात. आमच्या आळीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मली होती. मला दिवस गेल्याचं माझ्या आधी त्यांना कळलं. सुक्या बोंबलाच्या वासाने मी एकदा नाक मुरडलं, तेवढ्यावरून. बरं, मला सांगावं की नाही? मला सोडून सगळ्या आळीला सांगितलं. आमच्या ह्यांना ही बातमी दाढी करताना न्हाव्याकडून कळली! ह्यांनी घरी येऊन मला विचारलं, तर मलाच माहीत नाही. वर काकूंनी दारातून सांगितलं, "मुलगाच हाय. उजवा हात टेकून उठतेस." कट्!

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण माझी आई मी लहान असतानाच गेलेली, आणि सासूबाई तिकडे गावी संधिवाताने बाजेला खिळलेल्या. म्हणजे माझा जीव आणि पोटातल्या बाळाचा जीव ह्या बाईच्या हाती जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. मग मी त्यांच्याकडे जरा डोळे उघडून बघायला लागले, आणि कप्पाळ माझं, तिथूनच माझ्या जिवाला घोर लागला.

त्यांचा एक नियम होता. साऱ्या जगाची झाकणं उचलणारी ही बाई म्हणायची, "बाळंतीण आणि विरजण सारखं उघडून बघू नये." बाळंतिणीची खोली काळोखी हवी, दाराला गोणपाटाचा पडदा हवा, आत ओव्याची धुरी हवी, आणि पुरुषाची सावलीसुद्धा आत पडता कामा नये. एकदा पडदा सोडला की वेळेला जेवण आत सरकवायचं आणि बाहेर बसायचं. आत काय चाललंय ते आपोआप नीट होतं. हा नियम त्यांनी बायकांना लावला असता तर मी आळीच्या रिवाजाप्रमाणे मुकाट मानला असता. त्यांनी तो मांजरीला लावला.

मांजरीचं नाव ठकी. एक कान फाटका, अंगाने सडपातळ, आणि स्वभाव तंतोतंत काकूंचा. ती माझ्या वयाची नसली तरी आमच्या लग्नाच्या वयाहून थोरली होती हे नक्की. काकू तिला तोंडाने 'मेली', 'अवदसा' असं बोलायच्या आणि पानातला माशाचा तुकडा आधी तिच्यापुढे टाकायच्या. कोळीण आळीच्या तोंडाशी ओरडली की ठकी एका उडीत खिडकीत. ती उडी बघून मी चूल पेटवायला घ्यायची.

भात झोडून झालं होतं, परसाच्या मागे शेतांत वाल वर आले होते, तेव्हाची गोष्ट. माझे दिवस भरत आले होते. ठकी दोन रात्री घरी आली नाही. काकूंनी परसदारी उभं राहून तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली. मी विहिरीपाशी होते, मीच तिला आधी बघितलं. शेपूट खाली, पाठ कमानीसारखी वर, आणि पावलं अशी टाकत होती जशी जमीन तापलीय. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घरात शिरून सरळ भाताच्या कणगीमागे काळोखात जाऊन बसली.

"काकू, ठकीला काहीतरी लागलंय," मी म्हटलं.

"लागलंय कसलं? भरलीय ती. जागा शोधते."

"अहो, ह्या वयात?"

"तुला काय ठाव गो? आमच्या कुडपणात एक मांजर दात पडल्यावर व्यालेली." कट्!

झालं! अर्ध्या तासात कणगीच्या खोलीला गोणपाटाचा पडदा. आत जुन्या लुगड्याचं अंथरूण, वाटीत शेळीचं दूध, दारात निखाऱ्यावर ओवा. हसू नका, खरंच ओवा टाकला. आणि मला सक्त ताकीद, आत डोकवायचं नाही. मांजरीची पिल्लं कुणी बघितली की ती त्यांना तोंडात धरून सात घरं फिरवते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. "तू बगितलंस तर पिल्लं शेजारी जातील, आणि शेजारीण माझी मांजर देणार नाय," असं काकूंचं म्हणणं.

पुढचे दिवस मी जे सोसलं ते मलाच माहीत. दुसऱ्या दिवशी कोळीण मांदेली घेऊन आली, गळा फाडून ओरडली, आणि खिडकी रिकामी. मी काकूंना म्हटलं, "बघा, मासळीलासुद्धा उठली नाही." त्या म्हणाल्या, "बाळंत व्हायच्या आधी जनावर खात नाय." एकदा ती वाटीपाशी पडद्यालगत आली तेव्हा मी खालून हळूच हात घातला, ठकीच्या पाठीवरून फिरवला, कमरेपाशी गेला मात्र, फिस्स करून अंगावर आली. जन्मात कधी मला नख न लावलेली मांजर! काकू म्हणाल्या, "पोटुशीला कमरेला हात लावतात का? तुला लावून बगू?" गोणपाटाच्या फटीतून दिसायचं, अंग चाटणं तिने सोडलं होतं. केसांचे पुंजके झाले होते, रंग राखेसारखा. नुसती एकाच ठिकाणी सारखी जीभ लावत होती. मी सांगितलं, तर म्हणाल्या, "बाळंतीण वेणीफणी करते काय?"

प्रत्येक गोष्टीला उत्तर! मी एक लक्षण सांगावं, त्यांनी ते उचलून बाळंतपणाच्या टोपलीत टाकावं. ह्या बाईला मांजरीचं दुखणं कळत नाही, आणि हिच्या हाती मी जाणार! उद्या माझ्या पोटात काही भलतंच झालं, तर ही बाहेर बसून सुपारी कातरणार आणि म्हणणार, विरजण हलवू नका.

मी ह्यांना सांगितलं. बाजाराच्या दिवशी गुरांचा सरकारी डॉक्टर महाडात यायचा, कचेरीच्या ओट्यावर बसायचा. म्हटलं, नुसतं विचारून तरी या. ह्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मांजरीसाठी? अगं, काकूंना आपल्यापेक्षा जास्त कळतं." पुरुषांना एक बरं असतं. ज्यात आपल्याला काही करायचं नसतं, त्यातलं दुसऱ्याला जास्त कळतं.

खरं सांगायचं तर एका गोष्टीने मीसुद्धा गोंधळले होते. ठकी घुरघुरत होती. पडद्याला कान लावला की आतून तो आवाज यायचा. काकू म्हणायच्या, "बग, सुखात हाय. दुखत असतं तर वरडली नसती?" मला पटत नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं. सुखाने घुरघुरणारी मांजर मी लहानपणापासून मांडीवर घेतलेली. ती मधेच थांबते, कूस बदलते, डोळा उघडून आपल्याकडे बघते. ही थांबतच नव्हती. बारीक, एकसुरी, जात्यावर दाणा नसताना ते फिरत राहावं तसा आवाज.

मग वास यायला लागला. ओव्याच्या धुरातूनही यायला लागला. आणि पडद्यावर माश्या. काकू म्हणाल्या, धुरी वाढवते. तेव्हा माझं डोकंच फिरलं. दुपारी काकू ओटीवर आडव्या झाल्या, त्यांचा घोरण्याचा सूर लागला, आणि मी ते गोणपाट फरकन् ओढून काढलं. माझं पोट एवढं पुढे आलेलं, कणगीमागे वाकता येईना. शेवटी भुईवर बसून, सरकत सरकत गेले आणि लुगड्यासकट ठकीला पुढे ओढलं. पिल्लं नव्हती. पिल्लांचं नावही नव्हतं. कमरेभोवतीचे केस बाजूला केले तर आत तार. पितळेची बारीक तार, मांसात रुतलेली, वरून मांस सुजून आलेलं.

"काकूऽऽ!" मी अशी ओरडले की ह्यांच्या कचेरीत ऐकू गेलं असावं.

काकू डोळे चोळत आल्या आणि तोंडाचा पट्टा सुरू. "बगितलंस ना! सांगितलेलं तुला! आता नेईल पिल्लं सात घरं! शिकलेल्या बायकांना दम म्हणून नाय..."

मी त्यांचा हात धरला आणि ठकीच्या कमरेवर ठेवला. हात थांबला. काकूंचं तोंडही थांबलं. त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना गप्प बघितलं, आणि मला मुळीच बरं वाटलं नाही.

"सशाचा फास हाय ह्यो," त्या अगदी हळू म्हणाल्या. "वालात लावलेला. माजे भाव लावायचे असले फास, कुडपणात. मी सोताच पिळून द्यायची तार." मग ठकीच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "मेले, वरडायचं तरी होतंस गो."

पुढे जे झालं त्यात मात्र एक शब्द वाया गेला नाही. घोंगडी आणवली, ठकीला डोकं बाहेर ठेवून तिच्यात गुंडाळलं, आणि मला म्हणाल्या, "मान धर. दाबू नको, सोडू पण नको." तार कापायला घरात काय असणार? त्यांनी कमरेचा अडकित्ता काढला. नवऱ्याने लग्नानंतर मुंबईहून आणलेला तो अडकित्ता त्या कुणाला हातही लावू देत नसत. त्याचं पातं त्यांनी तारेखाली मांसात सरकवलं. ठकीने मान वळवून त्यांचा अंगठा दातांत धरला आणि सोडला नाही. काकूंनीही हात काढला नाही. कट्! तसाच आवाज, पण ह्या वेळी निकाल काय लागतो ते त्यांनाही माहीत नव्हतं.

जखम धुवायला मी चुलीवर पाणी उकळत ठेवलं, तर नाही! सवच्या उन्हाळ्याचं पाणी पाहिजे. सवला ऊन पाण्याचं कुंड आहे, तिथल्या पाण्याने खरूज जाते, गजकर्ण जातं, म्हणून मांजरही बरी होणार. काकूंनी शेतावरच्या गड्याला कळशी देऊन पिटाळलं. सव काही शेजारच्या आळीत नाही. गडी येईपर्यंत पाणी गार. मग ते आमच्याच चुलीवर पुन्हा तापवलं! मी विचारलं, "काकू, मघाचं पाणी काय वाईट होतं?" त्या म्हणाल्या, "ते नुसतं तापलेलं होतं." मी हात टेकले. पण रोज सकाळसंध्याकाळ त्या पाण्याने जखम धुणं, वर करंजेल लावणं, बोटाने माशाचं पाणी चाटवणं, हे त्यांनी एक दिवस चुकवलं नाही. अंगठा सुजून केळ्याएवढा झाला होता, त्याच हाताने. मी म्हटलं, अंगठ्यालाही तेल लावा, तर माझ्यावरच खेकसल्या.

ठकी वाचली. कमरेभोवती केस मात्र पुन्हा आले नाहीत, करदोटा बांधल्यासारखी रेघ राहिली. आणि ती पहिल्यांदा खिडकीत चढली त्या दिवशी काकूंनी आळीत काय सांगितलं असेल? "मला आधीच वास आलेला. म्हटलं, बगू ह्या पोरीच्या ध्यानात येतंय का." देवा रे! मी भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी राहिलं. तारेने पात्याला दाते पडलेला तो अडकित्ता त्यांनी पुन्हा कमरेला लावला. सुपारी आता नीट कातरली जात नसे, नुसती चुरडली जायची. नवा घ्या म्हटलं तर ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

मग माझी वेळ आली. काकूंनीच सगळं केलं, आणि चांगलं केलं. मुलगी झाली. मी म्हटलं, "काकू, मुलगा होणार होता ना?" त्या म्हणाल्या, "मी कधी म्हटलं?"

खोली काळोखी, दाराला गोणपाटाचा पडदा, ओव्याची धुरी. रिवाजाप्रमाणे सगळं. फक्त काकू बाहेर बसेनात. जरा डोळा लागला की पडदा बाजूला आणि काकू आत. कपाळावर हात, पोटावर हात, पांघरूण वर करून चक्क वास घ्यायच्या! मी बाळंतीण होते की शिजणारी आमटी, मला कळेना. मी रोज भांडायची. "काकू, झोपू द्या. विरजण उघडून बघू नये, हे कोण म्हणत होतं?" त्या म्हणायच्या, "ते दह्याचं झालं," आणि पुन्हा पांघरूण उचलायच्या.

पाचवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मला कसंसंच होत होतं. आतून थंडी, ओटीपोटात ठणका. पण पहिलटकरणीने कुठे कुरकुरायचं? आणि सांगितलं की काकू सवचं पाणी आणणार. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुपारी पडदा हलला.

"कशी हायस गो?"

"बरी आहे."

"जेवलीस?"

"जेवते मागनं."

काकूंनी कपाळावर हात ठेवला, पांघरूण काढलं, पोट दाबून बघितलं. मी हसले आणि म्हटलं, "काही नाही काकू, बरी आहे खरंच." त्या उभ्याच राहिल्या. मग ओटीवर हे बसले होते त्यांना तिथूनच हाक मारली. एरवी बाळंतिणीच्या दारात पुरुषाला फिरकू न देणारी बाई.

"उठा. सरकारी दवाखान्यातला डाक्टर घेऊन या. आत्ताच्या आत्ता."

हे दारात येऊन घुटमळले. "काय झालं? ती तर बरी आहे म्हणते."

"सकाळधरनं पाच वेळा आले मी. पाच वेळा पांघरूण उचललं," काकू म्हणाल्या. "एकदा पण डाफरली नाय माज्यावर. ठकी पण अशीच घुरघुरत होती. पळा!"

हे अनवाणी पळाले. डॉक्टर आले, काकूंनी स्वतःच्या हाताने गोणपाट वर धरलं आणि त्या परक्या पुरुषाला आत घेतलं. वारेचा तुकडा आत राहिला होता. डॉक्टरांनी तो काढला, तेव्हा काकूंनी माझी मान धरली होती. दाबली नाही, सोडलीही नाही. पुढे कितीतरी दिवस तापात काढले, पण उठले. त्या दिवशी हात धुताना डॉक्टर ह्यांना म्हणाले, "उद्या बोलावलं असतंत तर येऊन उपयोग नव्हता. बाळंतीण बरी आहे म्हणत होती ना? मग लक्षात कुणाच्या आलं?"

सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी अडकित्ता काढला, सुपारी धरली, पण कातरली नाही.

"मांजरीच्या," त्या म्हणाल्या.

आता तुम्हीच सांगा! जन्मभरात त्या बाईने कुणाला कसला मान म्हणून दिला नाही. एकदाच दिला, तो मांजरीला. आणि त्या मांजरीला कणगीमागून ओढून काढलं कोणी? पोटाचा एवढा घेर घेऊन भुईवर सरकत कोण गेलं होतं? मी! हे मला तिथेच ओरडून सांगायचं होतं, पण अंगात बोलायचीही ताकद नव्हती. बरी झाल्यावर पहिलं भांडण मी त्याच गोष्टीवरून काढलं. काकू माझ्या उशाशी बसून ऐकत राहिल्या, मधे एकदाही तोंड घातलं नाही. माझं सगळं बोलून झाल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "डाफर गो, आणखी डाफर."